सगळ्यांना सारखंच दिसतं का?

आज आपण डोळ्यांबद्दल बोलणार आहोत, पण चष्म्याच्या नंबराबद्दल नाही. एकच वस्तू दोघींनी पाहिली, तर दोघींना ती सारखीच दिसते का? आणि एखादीला वेगळी दिसली, तर तिला वेडी म्हणायचं का? हा आजचा विषय आहे.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. गावात एखादी बाई म्हणाली, "मला माणसांचे चेहरे बदलल्यासारखे दिसतात," तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "हिला बाहेरचं झालंय." नाहीतर, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय." असा शिक्का एकदा बसला की पुढे तिचं बोलणं कुणी ऐकत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही. गटात तिला कर्ज द्यायची वेळ आली की बाकीच्या एकमेकींकडे बघतात. घरात मात्र जमिनीच्या कागदावर सही हवी असली की तिची बरोबर आठवण होते. म्हणून आमच्या गटांनी ठरवलं की यावर एकदा नीट माहिती घ्यायची आणि ती रेडिओवरून सगळ्यांना सांगायची.

सुरुवात एका खेळाने करू. टिकल्यांचं पाकीट घ्या. अगदी सारख्या मापाच्या दोन टिकल्या काढा आणि कागदावर वीतभर अंतर ठेवून चिकटवा. आता एकीच्या भोवती मोठमोठ्या पाच-सहा टिकल्या लावा. दुसरीच्या भोवती अगदी बारीक टिकल्या लावा, जवळ जवळ. कागद थोडा लांब धरून बघा. मोठ्यांच्या घोळक्यातली टिकली लहान वाटते, बारक्यांच्या घोळक्यातली मोठी वाटते. दोन्ही सारख्या आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, आपणच चिकटवल्यात, तरी डोळे ऐकत नाहीत. या गमतीला हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं नाव आहे. आपला मेंदू कुठलीही वस्तू एकटी मोजत नाही, शेजारचं बघून मोजतो. बारक्या पोरांत उभी राहिलेली मध्यम उंचीची बाईसुद्धा उंच वाटते, तसंच हे.

रंगाचंही असंच आहे. करड्या कागदाचे सारखे दोन तुकडे कापा. एक काळ्या पाटीवर ठेवा, एक पांढऱ्या कागदावर. पाटीवरचा उजळ दिसेल, कागदावरचा गडद. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस जुळलं असं वाटतं आणि घरी दुसऱ्या साडीजवळ ठेवलं की रंग वेगळाच वाटतो, त्यातही या शेजाराचा हात असतो.

तिसरा खेळ सगळ्यांत नवलाचा आहे. गौरीचा मुखवटा आठवा. समोरून नाक-डोळे उठावदार, आणि पाठीमागून पोकळ, खोलगट. घरातला मुखवटा हाताळायचा नसेल तर जत्रेत मिळणारा पोरांचा प्लास्टिकचा मुखवटा घ्या. तो उलटा करून, म्हणजे पोकळ बाजू आपल्याकडे करून, सहा-सात फुटांवर ठेवा. एक डोळा झाका आणि बघा. थोड्या वेळात ती पोकळी तुम्हाला पोकळी दिसणारच नाही. नाक पुढे आलेला भरीव चेहरा दिसायला लागेल. तुम्ही डावीकडे-उजवीकडे सरकलात तर तो चेहरा तुमच्याकडे वळून बघतोय असं वाटेल.

असं का होतं? जन्मल्यापासून आपण हजारो चेहरे पाहिले. नाक आत गेलेला एकही पाहिला नाही. त्यामुळे डोळ्यांनी "इथे खोलगट आहे" असा निरोप पाठवला तरी मेंदू म्हणतो, "चेहरा आहे ना? मग नाक पुढेच असणार." आणि तो आपलंच खरं करतो. वर्षानुवर्षांचा ओळखीचा किराणा दुकानदार असतो ना, तुमची यादी पुरती वाचायच्या आत नेहमीचं सामान बांधायला घेतो. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं आणि सगळ्यांचा वेळ वाचतो. पण या महिन्यात तुम्ही तूरडाळीऐवजी मूगडाळ लिहिली असेल, तर पिशवीत तूरडाळच येते. मेंदूही असाच अंदाजाने चालतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे मांडलं होतं की बघणं म्हणजे नकळत बांधलेला अंदाज.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या मुखवट्याला सगळेच फसतात का? नाही.

स्किझोफ्रेनिया नावाचा एक मानसिक आजार आहे. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. या आजारात न बोललेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटते, विचारांची साखळी तुटते. जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डनाई डिमा या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा आजार असलेल्या आणि नसलेल्या माणसांना पोकळ मुखवट्याची चित्रं दाखवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं काम यंत्रावर तपासलं. आजार नसलेली माणसं फसली, पोकळ चेहरा त्यांना भरीव दिसला. आजार असलेली माणसं फारशी फसली नाहीत. त्यांना पोकळ मुखवटा पोकळच दिसला! त्यांच्या मेंदूत "चेहरा असाच असतो" हा वरून येणारा हुकूम कमी जोराचा होता आणि डोळ्यांकडून येणारा निरोप जास्त जोराचा, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुकानदाराने सवयीवर न जाता यादी वाचली, असं समजा.

त्याआधी २००५ साली लंडनमध्ये स्टीव्हन डेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या करड्या कागदासारखाच एक प्रयोग केला होता. ठळक नक्षीच्या मधोमध ठेवलेली नक्षी आपल्याला फिकी भासते. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना ती कमी फिकी भासली. म्हणजे या एका कामात त्यांची नजर इतरांपेक्षा अचूक ठरली.

मैत्रिणींनो, हे ऐकून आमच्या बैठकीत एक ताई पटकन म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना आपण येडं म्हणतो त्यांना खरं दिसतं, आणि आपण शहाण्या फसतो?" सगळ्या हसल्या. बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. शेजारचं बघून मोजायची, सवयीने अंदाज बांधायची ही मेंदूची खोड आपल्या उपयोगाचीही असते. तिच्यामुळेच बाजारातल्या गलक्यात आपण नको ते सोडून देतो आणि हवं तेवढं बघतो. ती खोड सैल झाली की सगळंच अंगावर येतं. आजाराच्या सुरुवातीला काही जण सांगतात की उजेड सहन होत नाही, रंग भडक झालेत, ओळखीच्या माणसाचा चेहरा वेडावाकडा दिसतो, वस्तू मध्येच जवळ आल्यासारखी वाटते. हे नाटक नसतं. त्यांना खरोखर तसं दिसत असतं.

आता यातली मधली पायरी समजून घेऊ, कारण आपल्या गावात या पायरीवरची माणसं जास्त आहेत. आजार नाही, पण स्वभावात त्याची थोडी छटा आहे, अशी माणसं असतात. एकटं राहायला आवडतं. चार बायका कुजबुजल्या की आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं. कुणी हाक मारली नसताना हाक ऐकू आल्यासारखी वाटते. साध्या योगायोगात काहीतरी संकेत दिसतो. बोलताना विषय भलतीकडे जातो. मानसशास्त्रात या स्वभावछटेला स्किझोटायपी म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९६२ साली यावर महत्त्वाची मांडणी केली आणि तेव्हापासून हा शब्द अभ्यासात रुळला. ही छटा भाजीतल्या मिठासारखी आहे. कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांतच असते. तुमच्यात आहे, आमच्यातही आहे. ती जास्त असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीही स्किझोफ्रेनिया होत नाही. त्यातले कितीतरी जण उत्तम गातात, चित्रं काढतात, शेती करतात, संसार करतात.

या माणसांना टिकल्यांचा आणि मुखवट्याचा खेळ कसा दिसतो, यावरही बराच अभ्यास झाला आहे. काही अभ्यासांत ही छटा जास्त असलेली माणसं शेजाराला कमी फसलेली आढळली. काही अभ्यासांत फरक दिसलाच नाही. ढगात, भिंतीच्या डागांत चेहरे दिसणं त्यांच्यात थोडं जास्त आढळलं आहे. एकूण काय, फरक असला तरी बारीक आहे आणि प्रत्येक माणसात दिसेलच असा नाही.

म्हणून एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. हा खेळ म्हणजे तपासणी नाही. उद्या घरी जाऊन सुनेसमोर मुखवटा धरायचा आणि "तुला पोकळ दिसतो का? मग तूच येडी," असं म्हणायचं नाही. मुखवटा पोकळ दिसायला इतर कारणंही असतात. जवळून, दोन्ही डोळ्यांनी बघितला तर तो कुणालाही पोकळ दिसतो. गांजा ओढलेल्या माणसाचीही फसगत कमी होते, हे प्रयोगात दिसलं आहे. आणि डॉक्टर आजाराचं निदान असल्या खेळावरून करत नाहीत. माणसाशी, घरच्यांशी सविस्तर बोलून करतात.

वेगळं दिसणं म्हणजे आजार नव्हे, याचा एक जुना पुरावा आपल्याच देशातला आहे. कागदावर सारख्या लांबीच्या दोन रेघा काढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाणासारखी आत वळलेली टोकं काढा, दुसरीला बाहेर उघडणारी. बहुतेकांना दुसरी रेघ लांब वाटते. जर्मनीच्या म्युलर-लायर यांनी १८८९ साली ही आकृती मांडली. पुढे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे इंग्रज अभ्यासक १९०१-०२ साली निलगिरीच्या डोंगरात टोडा लोकांमध्ये राहिले आणि त्यांनी टोडांनाही असल्या रेघा दाखवल्या. टोडा माणसं इंग्रजांपेक्षा कमी फसली. कुणी टोडांना आजारी म्हटलं नाही. ज्या मुलखात, ज्या घरांत, ज्या कामात आपण वाढतो, त्यानेही नजर घडत असावी, असं पुढच्या अभ्यासकांना वाटू लागलं.

आणखी दोन गोष्टी घराघरांत उपयोगी पडतील. पहिली म्हाताऱ्या माणसांची. मोतीबिंदूने किंवा डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने नजर गेलेल्या आजीला कधीकधी अंगणात नसलेली माणसं, लहान मुलं, फुलं, नक्षी दिसते. आजीचं बाकी सगळं शाबूत असतं, पैशाचा हिशोबही बरोबर असतो. ती सांगायला घाबरते, कारण लोक "आता हिची वेळ जवळ आली, पितर दिसायला लागले" म्हणतात. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी १७६० साली स्वतःच्या आजोबांचा असाच अनुभव लिहून ठेवला, म्हणून याला त्यांचंच नाव पडलं. डोळ्यांकडून निरोप कमी आला की मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो. अशा आजीला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

दुसरी गोष्ट बाळंतिणीची, आणि ही घाईची आहे. हजार बाळंतपणांमागे एक-दोन बायकांना बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एकदम भास सुरू होतात. झोप उडते, बाळ बदललंय असं वाटतं, विचित्र बोलणं होतं. याला "बाळंतवारं" म्हणून घरात कोंडून ठेवू नका. बाई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उपचाराने ती पूर्ण बरी होऊ शकते.

मग स्वभाव कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? गटात आम्ही तीन प्रश्न ठरवलेत. हे किती दिवस चाललंय आणि वाढतंय का? त्यामुळे तिचं रोजचं काम, जेवण, झोप, अंघोळ बिघडली आहे का? तिला स्वतःला त्याचा त्रास किंवा भीती आहे का? तिन्हींना "नाही" आलं, तर तो तिचा स्वभाव. तिला तसंच राहू द्या. एकालाही "हो" आलं, तर डॉक्टरला विचारायची वेळ झाली. हा आजार बहुधा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो. पुरुषांत थोडा लवकर, बायकांत थोडा उशिरा, आणि काही बायकांत पंचेचाळिशीनंतरही. उपचार जितके लवकर, तितका पुढचा त्रास कमी. आईने नीट वाढवलं नाही म्हणून हा आजार होतो, हे खोटं आहे. लग्न करून दिलं की बरं होतं, हे तर त्याहून खोटं. त्यात दुसऱ्या घरची पोर भरडली जाते.

आमच्या ओळखीच्या एका गटातली हकिकत सांगतो, नाव-गाव सांगत नाही. एक सदस्य बैठकीला यायची बंद झाली. दोन हप्ते थकले. नियमाप्रमाणे दंड लावायचा, नाव कमी करायचं, अशी चर्चा सुरू झाली. अध्यक्ष ताई म्हणाल्या, आधी घरी जाऊन येऊ. गेल्यावर ती म्हणाली, "ट्यूबलाइटखाली सगळ्यांची तोंडं मला वेगळी दिसतात, डोळे मोठे होतात, मला भ्या वाटतं." घरचे तिला अमावास्येला एका बाबाकडे न्यायच्या बेतात होते. बायकांनी घरच्यांशी भांडण केलं नाही. देवाला जायचं तर जा, पण आधी जिल्हा रुग्णालयात चला, एवढंच त्यांनी लावून धरलं. आशाताई सोबत गेल्या. औषध सुरू झालं. बैठक संध्याकाळऐवजी दुपारी, पारावर झाडाखाली घ्यायला लागले. सुरुवातीला ती मागे बसायची आणि वीस मिनिटांत उठून जायची. कुणी अडवलं नाही. हळूहळू थांबायला लागली. औषधाने अंगाला जडपणा येतो, वजन वाढलं, अशा तक्रारी तिच्या आहेत, आणि त्या डॉक्टरला सांगून मात्रा बदलून घ्यावी लागली. अजूनही काही दिवस वाईट जातात. पण तिचं खातं चालू आहे आणि थकलेले हप्ते तिने शेळीच्या पैशांतून फेडले.

अशा मैत्रिणीशी बोलायचं कसं? ती म्हणाली, "ते बघ, भिंतीवर तोंड दिसतंय," तर "काही नाहीये तिथे, उगाच काहीतरी" असं म्हणू नका. तिला दिसतंय. आणि "हो गं, मलाही दिसतंय" असंही म्हणू नका, त्याने भीती दुप्पट होते. एवढंच म्हणा: "मला तसं दिसत नाही, पण तुला दिसतंय आणि तुला भीती वाटतेय, हे मला कळतं. मी इथे बसते." आवाज हळू ठेवा. एका वेळी एकीनेच बोला. टीव्ही बंद करा.

आता मदत कुठे मिळते ते लिहून घ्या. टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा आहे. नंबर १४४१६. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसा-रात्री कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा, ओपीडीचे वार विचारून मगच निघा, म्हणजे एसटीचे पैसे वाया जात नाहीत. राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण बहुतेकांना भरती व्हायची गरज पडत नाही.

कायदाही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सांगतो की मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही, आणि उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. देवावरची श्रद्धा कुणी काढून घेत नाही. फक्त आजारी बाईला मार बसता कामा नये.

गटांसाठी शेवटची विनंती. ठरावाच्या वहीत एक ठराव लिहा: आजारपणामुळे गैरहजर राहिलेल्या सदस्याचं नाव, घरी जाऊन भेटल्याशिवाय कमी करायचं नाही. त्यात मनाचं आजारपणही धरा. तिच्या कर्जाचा निर्णय तिच्या परतफेडीवरून घ्या, गावाच्या कुजबुजीवरून नको. तिची सही लागणारा कुठलाही कागद तिला वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की टिकल्यांचा कागद फिरवा. प्रत्येकीला विचारा, कुठली मोठी दिसते? उत्तरं वेगवेगळी येतील. येऊ द्या. मग पट्टीने मोजा. त्यानंतर कुणी म्हणाली की मला काही वेगळंच दिसतं, तर तिचं पूर्ण ऐकून घ्या.